सोळा तऱ्हांनी

गार्डेनाच्या कार्डरूममध्ये पहाटे तीनला
कोणी कोणाचं नसतं.
सात नंबरच्या टेबलावर आम्ही सहा जण उरलेलो,
कोणाचा तरी नूडल्सचा वाडगा निवून गेलेला,
आणि माझ्या तळव्याखाली दोन राण्या,
एक बदामाची, एक किल्वरची.

मी पंचवीस लावले.
पत्ते एकामागून एक मधोमध पडत गेले.
मग कियोशी उयेदा,
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बागा राखलेला माणूस,
जो कधी चढवत नाही, नुसता बघतो,
म्हणाला, "ऑल इन."
चर्चमध्ये चुकून तोंडातून शब्द निसटावा, तसं.

चारशे साठ.
म्हणजे मी अजून चारशे पस्तीस घालायचे.
म्हणजे मिस्टर हॅलोरनच्या बिछान्याशेजारचे
पूर्ण चोवीस तास,
डायपर, औषधं, पहाटेची चिडचिड धरून.

हिशेब मला येतो.
एक्क्यांची जोडी येते सहा तऱ्हांनी, राजांची सहा,
तिथे मी पाचात जेमतेम एकदा वाचते.
एक्का-राजा येतो सोळा तऱ्हांनी,
तिथे निम्म्याहून थोडी जास्त मी.
गुलामांच्या सहा तऱ्हा, त्या माझ्याच.
सगळं ढवळून काढलं की शंभरात सत्तेचाळीस.
आणि कॉल परवडायला लागतात
शंभरात सत्तेचाळीस.
तळ्यात.
मळ्यात.

पण ह्या सोळा तऱ्हा धरायच्या का?
थँक्सगिव्हिंगच्या रात्री ह्याच माणसानं
हातात राजे असताना नुसता कॉल केला होता.
शिवाय त्याचा उजवा हात थरथरतोय.
टेबलावर काल बसलेलं पोरही सांगेल:
थरथरला की पत्ते खरे, फेकून दे.
शेजारचा ट्रेव्हर मान खाली घालून हसतोय,
त्याच्या लेखी मी केव्हाच फेकलेत.

मी मात्र हात बघत राहिले.
पत्ते नव्हे, हात.
अंगठा तर्जनीवर फिरतोय,
न दिसणारी वात वळावी तसा,
संथ, एका लयीत.
आणि चिप्स लोटताना?
लोटताना तो स्थिर होता.
मला आठवलं, अगदी स्थिर.
टेकवल्यावर पुन्हा वात.

मिस्टर हॅलोरनचा चमचा असाच वर जातो, न सांडता.
रिकामा हात मांडीवर आला की सुरू.

म्हणजे ही थरथर पत्त्यांची नाही.
ती इथे यायच्या आधीपासून त्याच्याबरोबर आहे,
पार्किंगमध्ये, अंघोळीत, झोपेच्या आधी.
तिच्यातून मला त्याचे पत्ते कळत नाहीत.
मला नको ते कळलंय.

"टाइम," ट्रेव्हर म्हणाला.
डीलर बाईनं माझ्याकडे पाहिलं.
थरथर वजा केली, सोळा तऱ्हा परत आल्या.
"कॉल."

त्यानं इस्पिकचा एक्का आणि इस्पिकचा राजा उलटवला.
सोळांतली एक.
चार पत्ते माझ्या राण्या ताठ बसून राहिल्या.
पाचवा राजा निघाला, चौकटचा.
ठीक आहे. असं होतं.
त्यानं चिप्स रचल्या, डाव्या हातानं,
वीसवीसच्या चळती, रोपं लावल्यासारख्या.

साडेचारला पार्किंगमध्ये त्याचा जुना पिकअप,
मागे अजून एक पाण्याचा पाइप गुंडाळलेला.
"मला वाटलं तू फेकशील," तो म्हणाला,
"राण्या घेऊन सगळे माझ्यासमोर फेकतात."
किल्ल्या त्याच्या बोटांत वाजत होत्या
आणि वारा नव्हता.

इथे सहा नाही, सोळा नाही.
त्याला माहीत आहे की नाही,
माहीत असेल तर माझ्या तोंडून ऐकायचंय की नाही,
कशाच्याच तऱ्हा मोजता येईनात.
डीलर नाही, टाइम म्हणणारं कोणी नाही.

"मिस्टर उयेदा," मी म्हटलं, "तुमचा हात..."

त्यानं मूठ मिटली
आणि खिशात घातली.